घाव कुठे बसतात

५ जानेवारी

बारक्यास,

पत्राच्या सुरुवातीला थोरल्यानं आशीर्वाद लिहायचे असतात. सव्वीस वर्षांनी लिहिणाऱ्या थोरल्यानं काय लिहायचं ते मला कुणी शिकवलं नाही, म्हणून नुसतंच बारक्यास. पत्ता तुझ्या वहिनीनं दिला. ती आणि तुझी बायको इतकी वर्षं दर महिन्याला फोनवर बोलत होत्या, हे मला मागच्या आठवड्यात कळलं. म्हणजे अबोला तुझा-माझा, आणि तोही घरच्यांच्या मेहेरबानीनं टिकलेला.

कामाचं बोलतो. आमच्या गल्लीच्या टोकाला वाचनालय आहे. तिथल्या बाईंनी शनिवारी दुपारी सिनेमावर गप्पा सुरू केल्या आहेत. वीसेक माणसं जमतात, त्यातली निम्मी घरात करमत नाही म्हणून येतात. या वेळचा विषय, मारामारीच्या सिनेमांतली सगळ्यात उत्तम मारामारी कुठली. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत वाद घालायचा आणि मग ज्याला जास्त मतं त्याचं नाव भिंतीवर लावायचं. बाईंना कुणीतरी सांगितलं की त्या जुन्या परदेशी सिनेमांतले ठोसे मी वाजवायचो. झालं, परवा घरी आल्या आणि मला पाहुणा करून गेल्या.

त्यांना पहिल्यापासून समजावून सांगावं लागलं. संवाद आपल्या भाषेत करायचे म्हणजे मूळ आवाजाची पट्टी पुसायची, आणि पट्टी पुसली की संवादाबरोबर ठोसे, लाथा, धापा, सगळंच जायचं. मग दोन माणसं एका बंद खोलीत उभी राहून, पडद्याकडे बघत, तो सगळा मार पुन्हा खायला घालायची. ओला टॉवेल चामड्याच्या पिशवीवर मारला की ठोसा. पट्टा हवेत फिरवला की लाथ. कोबीचा देठ मोडला की हाड. बाई म्हणाल्या, "कोबी?" मी म्हटलं, "हो, आणि त्या काळात आमच्या घरी भाजी एकच असायची."

"दोन माणसं" असंच म्हणालो मी. दुसरा कोण ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

तर तुझं मत हवंय. आपला वाद अर्धा राहिला होता. तू जिन्याच्या मारामारीवर अडून बसला होतास, मी धोबीखान्यातल्या. ओल्या चादरी टांगलेल्या, माणूस दिसत नाही, नुसतं चादरीला पोक येतं आणि मागून आवाज. तिथे आवाज काढून टाक, काय उरतं? वाळत घातलेले कपडे. मारामारी ही ऐकायची गोष्ट आहे, असं मी तेव्हाही म्हणत होतो. अजून म्हणतो.

तब्येत ठणठणीत आहे. वय झालं की माणूस थकतो, तेवढंच. वहिनी म्हणते मी टीव्ही फार मोठा लावतो, पण हल्ली टीव्हीवरची माणसं पुटपुटतातच.

दादा


१३ जानेवारी

बारक्यास,

तुझं उत्तर नाही. अपेक्षा नव्हतीच, पण टपाल आलं का ते दोनदा बघून आलो.

आजचा शनिवार पार पडला. वाद चांगला झाला असावा. एक निवृत्त परिचारिका येतात. त्यांचं म्हणणं, जिन्यावरची मारामारीच खरी, कारण तिसऱ्या मजल्यावर नायक थकतो आणि घामेजलेला हात विजारीला पुसतो. बाकीच्या सिनेमांत माणसं शंभर ठोसे खाऊन ताजीतवानी असतात, असा माणूस त्यांनी नोकरीत एकही पाहिला नाही म्हणे. मला तुझी आठवण झाली. तू हेच सांगायचास, की मारामारीत मार बघू नये, मधली दमछाक बघावी. हात पुसल्याचा आवाज तू स्वतःच्या विजारीवर काढला होतास आणि तो मला नको होता, आठवतं? मी म्हटलं होतं, विजारीला कोण ऐकतंय. तू म्हणालास, मी.

एक चष्मेवाले शिंपी आहेत, ते धोबीखान्याच्या बाजूचे. त्यांना आवाजाचं काही नाही, त्यांना चादरींचं कापड आवडलं. असे पाठीराखे असल्यावर शत्रू कशाला हवेत.

मग सगळे वळले त्या गुरू-शिष्याच्या मारामारीकडे. ते होणारच होतं. अंगणात शिष्य गुरूला मारत सुटतो, धडाधड ठोके पडतात, आणि मग तो एक तळहात गुरूच्या छातीवर पडतो आणि आवाजच येत नाही. गुरू नुसता खाली बसतो. परिचारिका म्हणाल्या, थेटरात त्यांचा श्वास अडकला होता. सगळे माझ्याकडे बघून टाळ्या वाजवत होते. मी हात जोडले.

शेवटी बाईंनी विचारलं, घाव कुठे बसतात. मी नीट सांगितलं, की बहुतेक छातीवर, काही बरगडीखाली, आणि पाठीवर बसणारे सगळ्यात अवघड, त्यांचा आवाज पोकळ यावा लागतो. लोक हसले. मला वाटतं उत्तर आवडलं. वहिनीनं मात्र घरी आल्याबरोबर भांडी घासायला घेतली, जी आधीच घासलेली होती.

दादा


१६ जानेवारी

बारक्यास,

तीन दिवस धुमसून आज वहिनीनं तोंड उघडलं. समोर येऊन बसली आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "बाईंनी विचारलं होतं, तुमचे भाऊ कुठे असतात. आणि तुम्ही सांगितलंत, छातीवर, बरगडीखाली आणि पाठीवर."

वाचनालयातला पंखा फार आवाज करत होता.

मी हसून घालवायला बघितलं. ती हसली नाही. म्हणाली, "सव्वीस वर्षांनी कुणीतरी त्यांचं नाव काढलं, आणि तुम्ही मारामारी शिकवत बसलात." मला घरात बसवेना. उठून बाहेर एक फेरी मारून आलो आणि हे लिहायला घेतलं. आता लिहितोच.

गुरू-शिष्याचा सिनेमा वितरकाला दाखवला तो दिवस. एकेचाळिसाव्या ठोक्याला काहीच वाजलं नाही. वितरक उभा राहून ओरडला, प्रती निघाल्या होत्या, पुन्हा वाजवायला वेळ नव्हता. स्टुडिओच्या मालकांनी आपल्या दोघांना खोलीत घेतलं आणि विचारलं, हा कुणाचा. तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हटलं, "बारक्याचा."

मला वाटलं होतं, तू बोलशील, मग मी चिडेन, मग आपलं भांडण होईल आणि त्यात ते वाहून जाईल. तू पट्टा गुंडाळून खुंटीला लावलास, चप्पल घातलीस आणि गेलास. मालकांनी दुसऱ्या दिवशी तुझं नाव पाटीवरून पुसलं.

आणि पुढच्या आठवड्यात थेटरं भरली. त्या एका जागी लोक चिडीचूप व्हायचे. मालक हार घेऊन आले. "दादा, काय सुचलं हो तुम्हाला," म्हणाले. तेव्हा तरी सांगायचं. हारात मान घालून मी म्हणालो, "सुचलं खरं."

चूक झाली तेव्हा तुझी, आणि वाहवा झाली तेव्हा माझी. याला काय म्हणतात ते तुला माहीत आहे, मला लिहायला लावू नकोस. तो ठोका माझाच होता. नजरचुकीनं राहिला.

क्षमा माग म्हणून वहिनीनं सांगितलेलं नाही. मीच मागतोय. उशीर झालाय हे कळतं.

दादा


२९ जानेवारी

बारक्यास,

तुझं कार्ड आलं. सव्वीस वर्षांत दोन शब्द: "जिन्याची. अजूनही." मी ते वहिनीला वाचून दाखवलं, मग तिनं मला वाचून दाखवलं, मग तिनं ते आरशाच्या कडेला खोचलं. दाढी करताना रोज हरतो मी.

तरी वाद सोडत नाही. जिन्याच्या मारामारीत सात मजले आहेत आणि चौथ्यावर दिग्दर्शकाचाही दम संपलाय, कॅमेरा कठड्याला टेकून उभा आहे. तू म्हणशील, तेच तर. म्हण.

दुसरी गोष्ट. स्टुडिओ बंद झाला तेव्हा मी दोन वस्तू घरी आणल्या होत्या. एक, आपण ज्यावर उभे राहायचो ती लाकडी फळी. ती दारापासून माझ्या खुर्चीखालपर्यंत टाकली आहे, वहिनी रोज तिला अडखळते आणि रोज मला बोलते. दुसरी, ठोक्यांच्या कागदांचा गठ्ठा. काल शनिवारसाठी तो सोडला. गुरू-शिष्याचा कागद सापडला. अडुसष्ट ठोके, प्रत्येकासमोर काय वाजवायचं ते तुझ्या अक्षरात, आणि ऐकून पास केल्याची माझी खूण. सगळ्या खुणा ठसठशीत. एकेचाळीसलाही.

आणि एकेचाळीसच्या शेजारी, पेन्सिलीनं, बारीक, तुझं अक्षर: "राहू दे."

बारक्या, तुला माहीत होतं. तू तो ठोका मुद्दाम मोकळा ठेवलास. इतकी वर्षं लोक माझ्या कल्पकतेला टाळ्या देतायत, आणि ती कल्पना तुझी होती. मी शेवटच्या शनिवारी सगळ्यांसमोर हे सांगणार आहे. भिंतीवर नाव लागायचं तर तुझं लागेल.

कागदावर आणखी पेन्सिलीचे ठिपके आहेत, एकोणीस. ते कसले, भेटलास की सांग.

हो, भेटलास की. बुधवारी सात तारखेला सकाळी अकराच्या सुमारास ये. तुझ्याकडून पहिली गाडी तेव्हाच पोचते, वहिनीनं चौकशी केली आहे. ती मात्र नसेल, बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे म्हणून आठवडाभर तिकडे जातेय. मला एकट्याला काही अडत नाही. मी घरीच असेन, कुठेही जाणार नाही.

दादा


७ फेब्रुवारी, दुपार

बारक्या,

दाराच्या फटीत तुझी चिठ्ठी सापडली. दीड वाजता, जेवायला उठलो तेव्हा.

"अकराला आलो. बराच वेळ दार वाजवलं. खिडकीतून दिसलास, खुर्चीत बसला होतास, पेपर समोर. काच वाजवली. मान वर केली नाहीस. एवढ्यासाठी बोलावलंस का? राहू दे."

चपला न घालता बस थांब्यापर्यंत गेलो. तिथे काय असणार होतं दीड वाजता.

मी सकाळी आठपासून तुझीच वाट बघत होतो. पेपर नुसता समोर धरला होता, आणि दाराकडे पाठ होती कारण उजेड त्या बाजूनं येतो. मला ऐकू आलं नाही. दार नाही, काच नाही. बारक्या, मला ऐकूच येत नाही.

हे वाक्य मी आजपर्यंत कुणाला लिहिलं किंवा बोललो नाही. वहिनीला माहीत आहे, पण तिनं कधी मला म्हणायला लावलं नाही. माणसांचे ओठ बघून मी ओळखतो, त्यातही चुकतो; ती शेजारी बसते आणि माझं हसायचं झालं की कोपर मारते, उत्तर द्यायचं झालं की दोनदा मारते. त्या शनिवारी ती लांब बसली होती. पंखा बंद होता.

आणि मागे एका पत्रात मी लिहिलं, तो ठोका नजरचुकीनं राहिला. नजर शाबूत होती रे माझी. कान गेले होते. तेव्हाच गेले होते, त्याच्याही दोन वर्षं आधीपासून. पडद्याकडे बघून हात बरोबर पडायचा, कारण तू मागे उभा राहून फळीवर पाय आपटायचास आणि मला तळव्यातून ताल कळायचा. पण नंतर ऐकून पास करायला बसलो की हेडफोनमध्ये मला सगळं सारखंच, गच्च कापूस. मी आपला प्रत्येक ठोक्यापुढे खूण करत सुटायचो. आवाजाच्या माणसाला ऐकू येत नाही म्हटल्यावर कोण ठेवतो? वहिनी, दोन मुली, घर, आणि खरं सांगायचं तर माझा तोरा. मालकांनी विचारलं, हा कुणाचा, तेव्हा "माझा" म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न होता, "ऐकला नाहीस का?" त्या प्रश्नाला मी इतका भ्यालो की तुला पुढे केलं.

ठिपके कसले ते मला पहिल्या नजरेतच कळलं होतं. मी घरी गेल्यावर तू मागे थांबायचास, "आवरून येतो" म्हणायचास. माझे फुसके ठोके तू पुन्हा वाजवून भरायचास. एकोणीस एका सिनेमात. आधीच्या कागदांवर पण आहेत, काल सगळे पालथे घातले. मोजायचे सोडून दिले.

थकलो आता. लपवण्याचं काम फार मोठं असतं, त्याला सुट्टी नाही.

अजून एकदा ये एवढंच म्हणतो. दिवस तू ठरव, नको कळवूस. आजपासून दाराला कडी नाही, नुसतं लोटलेलं राहील. खुर्ची फिरवून ठेवली आहे. वाजवू नकोस, वाजवून उपयोग नाही. आत ये आणि फळीवर पाय आपट. तेवढं मला कळतं.

दादा


१२ फेब्रुवारी, घरीच

बारक्या,

तू समोर बसला आहेस आणि मी तुला पत्र लिहितोय, हे वहिनी परत आल्यावर ऐकेल तर म्हणेल दोघांचीही डोकी तपासा. पण पहिली दहा मिनिटं तू ओरडून बघितलंस, पलीकडच्या घरातून माणूस बघायला आला, पण ओरडणाऱ्याचे ओठ वाचता येत नाहीत, मला काही कळलं नाही. हे बरं आहे. तू एका कागदावर, मी एका कागदावर.

खुर्ची फिरवून उपयोग झालाच नाही, मला डुलकी लागली होती. मग तळव्यात एक ठोका आला. मग दुसरा. डोळे उघडायच्या आधीच मला कळलं कोण आहे. तू डावा पाय आधी आपटतोस. केस सगळे गेले तुझे, पाय तोच आहे.

आता तू लिहिलंस ते मी पुन्हा वाचतोय. मी विचारलं होतं, एकेचाळिसावा मोकळा ठेवावा हे तुला कसं सुचलं, शनिवारी लोकांना सांगायचंय. तुझं उत्तर माझ्यासमोर आहे:

"कसलं सुचलं. कंटाळलो होतो, दादा. एकोणीस भरून झाले होते, विसावा हा. कंबरेचा काटा ढिला झाला होता. वाटलं, राहू दे. एक तरी राहू दे. हा एवढा मोठा ठोका, मधोमध, हा तरी तुझ्या लक्षात येईल आणि तू मला विचारशील. मग मी म्हणालो असतो, दादा, चल, कान दाखवून येऊ."

आणि त्याखाली, जरा थांबून लिहिल्यासारखं: "तू विचारलं नाहीस. माझं नाव सांगितलंस. तेव्हा मला कानाचं वाईट नाही वाटलं."

मी चुकलो, बारक्या. ते पत्रात लिहिणं सोपं होतं, तू दोन हातांवर असताना लिहिणं सोपं नाही.

तुझ्या चिठ्ठीतलं "राहू दे" मी पाच दिवस वाचत होतो. ते कुठल्या सुरात म्हटलंयस ते कळेना. तूच आता लिहिलंस की रागातच होतं, आणि राग गाडीत बसल्यावर गेला. बरं झालं सांगितलंस. पण तुझा आवाज आता कसा झालाय, जाड झालाय का, बाबांसारखा फाटतो का, ते मला कळायचं नाही. सगळे आवाज बनवले, तो एक बनवता येत नाही. याचं वाईट वाटतं. बाकी कानांचं आता काही नाही.

म्हणजे हिशेब असा, की लोकांचा श्वास सव्वीस वर्षं ज्या जागी अडकतोय, तिथे एक बहिरा होता आणि एक वैतागलेला. कल्पना कुणाचीच नव्हती. तू हसतोयस. तुझे खांदे हलताना दिसतायत. हसून घे. परिचारिकाबाईंना हे आवडेल, त्या पहिल्यापासून थकलेल्या माणसांच्या बाजूनं आहेत.

उत्तम मारामारी कुठली, यावर तू पुन्हा "जिन्याची" असं लिहून खाली दोन रेघा मारल्यास. ठीक आहे. धोबीखाना मी मागे घेतो, ऐकायची गोष्ट म्हणे. माझं मत जिन्याला. नायक हात विजारीला पुसतो तिथे तू स्वतःचा हात घासला होतास, तो आवाज मला अजून आठवतो. मी ऐकलेल्या शेवटच्या नीट आवाजांतला तो एक आहे.

शनिवारपर्यंत राहा. तुझ्या बायकोला वहिनी कळवेल, त्यांचं फोनचं कार्यालय आहेच. वाचनालयात जाऊ. बाईंच्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलंय माझ्याकडून, त्या मला पुन्हा विचारतील, आणि मला पुन्हा ऐकू येणार नाही. तू शेजारच्या खुर्चीत बस. त्यांचे ओठ हलले की मला कोपर मार. मी बोलणार नाही, नुसतं तुझ्याकडे बोट दाखवीन.